पेटीतला कापूर

आमच्या गावी माझी आई अभिमानानं सांगते, "गजानन बंगलोरला पेट्रोलच्या लाईनीत आहे." ऐकणाऱ्याला वाटतं, पंप आहे. मागं एकदा दिवाळीला घरी गेलो, तर शेजारचे तुकारामकाका मुद्दाम भेटायला आले. आमच्या संदीपला तुझ्या पंपावर चिकटव म्हणाले. मी म्हटलं, "काका, मी ज्या पंपांवर जातो ते सगळे बंद पडलेले असतात."

"मंग तू तिथं करतं काय बाबू?"

"खोल भोक पाडून माती काढतो. तिनं पेट्रोल प्यायलंय का ते बघतो."

काकांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग आईकडं वळून म्हणाले, "वहिनी, पोराला काही दिवस इथंच ठेवून घ्या. आराम पडंल."

तेव्हा हा लेख आधी तुकारामकाकांसाठी, मग बाकीच्यांसाठी.

माझं गाव लोणारच्या पलीकडं, बुलढाणा जिल्ह्यात. नववीत नापास झालो, आणि पुन्हा नापास होऊ या भीतीनं परत परीक्षेला बसलोच नाही. मी मुळातच भित्रा. कुलूप लावलं की चारदा ओढून बघणार, चार पावलं गेलो की परत येऊन ओढणार. गॅस बंद केला का, हा प्रश्न मला बसमध्ये, लग्नात, अंघोळीतही पडतो. अशा माणसाला घरापासून इतक्या लांब कोण पाठवतं? पण गावातला एक ट्रकवाला इकडं यायचा, त्याच्याबरोबर आलो आणि बोअर मारणाऱ्या गाडीवर पाईप उचलायला लागलो. कन्नड येत नव्हतं, तमिळ येत नव्हतं, हिंदी आमच्या बाजूची. पहिले कित्येक महिने मी फक्त मान हलवायचो.

एके दिवशी एका कंपनीच्या वीणा मॅडम आमच्या गाडीवर आल्या. त्या भूगर्भाच्या जाणकार. त्यांना जमिनीतल्या पाण्याचे नमुने हवे होते, आणि बाटल्या भरायला मला बसवलं. बाकीचे झाकण फिरवून बाटली बर्फाच्या पेटीत टाकत होते. मी प्रत्येक बाटली उलटी करून, हलवून, परत उघडून, परत लावत होतो. मागून आवाज आला, "काय बघूलालास रे इतकं?"

मराठी! तीही चिकोडीकडची. मला रडायलाच आलं असतं. मी म्हटलं, "सांडंल की काय असं वाटतं, मॅडम."

"भितोस?"

"हो."

"मग आमच्यात ये. आम्हाला भिणारीच माणसं लागतात."

जन्मभर मला सगळ्यांनी सांगितलं, भिऊ नको. भिण्यासाठी कामावर ठेवणारी ही पहिलीच भेटली. त्या एका वाक्यावर माझं सगळं आयुष्य उभं आहे. आज जे. पी. नगरच्या मागच्या अंगाला आमची खोली आहे, बायको आहे, मुलगी कन्नड शाळेत कविता म्हणते. सकाळी पूजेला बसलो की मी देवाचं नाव घेतो, आणि हळूच मॅडमचंही घेतो. त्यांना हे सांगितलेलं नाही. आता वाचतील.

आता काम.

पंप बंद झाला की वरची छत्री, यंत्रं, पाट्या सगळं काढून नेतात. जमिनीखालच्या टाक्या मात्र तिथंच असतात. लोखंड वर्षानुवर्षं ओल्या मातीत गाडलेलं, कुठंतरी सांधा सुटतो, कुठं टाचणीएवढं भोक पडतं, आणि पेट्रोल थेंबथेंब गळतं. गळतंय हे वर कोणाला कळत नाही. ते खाली उतरत जातं आणि जमिनीतलं पाणी लागलं की थांबतं, कारण ते हलकं, पाण्यावर तरंगतं. पण त्यातलं थोडं पाण्यात विरघळतं आणि पाणी जिकडं चाललंय तिकडं निघतं. जमिनीखालचं पाणी चालतं हे मला इथं येईपर्यंत ठाऊक नव्हतं. मुंगीलाही कंटाळा येईल इतकं हळू, पण चालतं. त्याच्या वाटेत कोणाची विहीर येते, कोणाची बोअर येते, हे शोधायचं ते आमचं काम.

त्यासाठी मोठ्या गिरमिटानं जमिनीत भोकं पाडतो. टप्प्याटप्प्यानं माती वर काढतो. मग त्या भोकांत नळ्या बसवून पाणी किती खोल आहे ते मोजतो. निदान तीन ठिकाणी मोजलं की पाण्याचा उतार कुठं आहे ते कळतं. वरच्या जमिनीचा उतार एकीकडं आणि खालच्या पाण्याचा भलतीकडं, असंही असतं.

बंगलोरची माती लाल. पेट्रोल प्यायलेली लाल माती लाल राहत नाही. राखाडी, हिरवट होते, मोरीतल्या शेवाळलेल्या दगडासारखी. नळीतून तशी माती बाहेर आली की मी आधी आजूबाजूला विहीर कुठं आहे ते बघतो. इतकी वर्षं झाली, अजून बघतो.

नाकानं वास घ्यायचा नाही हा आमच्यातला मोठा नियम, कारण ती वाफ अंगाला वाईट. वास घ्यायला एक यंत्र आहे. हातात मावेल एवढं, पिवळं, पुढं चोच. आम्ही त्याला मूगु म्हणतो, कन्नडमध्ये नाक. मातीचा गोळा झिपच्या पिशवीत घालायचा, तोंड बंद करायचं, थोडा वेळ ठेवायचं, मग मूगुची चोच पिशवीत घालायची. आत वाफ असली की आकडा चढतो. पण मूगुची एक खोड आहे. त्याला वास कळतो, कशाचा ते कळत नाही. पेट्रोल असो, भिंतीचा ओला रंग असो, अत्तर असो, ते सारखंच ओरडतं. कशाचा ते प्रयोगशाळेतून कळतं, आणि तिथला निकाल यायला दिवस लागतात.

म्हणून साइटवर जाताना वासाचं तेल नाही, पावडर नाही, मच्छरांचं मलम नाही. आमच्या एका ड्रायव्हरनं एकदा नमुन्यांच्या बाटल्या मागं ठेवून वाटेत जीपमध्ये पेट्रोल भरलं, तर सगळी खेप फुकट गेली. ज्या बाटलीत नुसतं शुद्ध पाणी होतं, मुद्दाम बरोबर फिरवतो ती, तिच्यातसुद्धा पेट्रोल निघालं. लग्न झाल्यावर बायकोनं माझी सकाळची तयारी बघितली आणि विचारलं, "कामाला निघालात का सुतक पाळताय?"

तर येलहंक्याचं सांगतो.

बंगलोरच्या उत्तर टोकाला, येलहंक्याच्या जुन्या रस्त्यावर एक पंप होता. वरून उड्डाणपूल झाला, गाड्या वरच्या वर जायला लागल्या आणि पंप बसला. जागा विकायची ठरली. घेणाऱ्यानं अट घातली, आधी माती तपासा. पंपाचे जुने मालक गौडरु रोज येऊन उभे राहायचे. नाकाला रुमाल लावून. "वास कुठंय? काही वास नाही," रुमालाच्या आतून म्हणायचे. मुरुगन अण्णा, आमचा मशीनवाला, सेलमकडचा, त्यांच्याकडं बघून मला हळूच म्हणायचा, "तंबी, इसको सर्दी है."

पंपाच्या मागच्या भिंतीला लागून एक कौलारू घर होतं. अंगणात विहीर, विहिरीभोवती कनकांबर, म्हणजे आपली अबोली, आणि शेवंती. वरून बघितलं तर जमिनीचा उतार पंपाकडून थेट त्या घराकडं. मी आणि मॅडम परवानगी मागायला गेलो.

दार उघडलं ते सुमित्राक्कांनी. सत्तरीच्या पुढच्या, नऊवारी नव्हे, साधी इळकल साडी, केसांत त्यांच्याच अंगणातली शेवंती. आम्हाला आपसात मराठी बोलताना ऐकून त्यांनी मलाच धरलं. "तू कुठला रे मरी? आमचे पण मराठीच. कधी आले कोणास ठाऊक. घोड्यावरून आले बोलायचे माझे सासरे. घोडं गेलं, भाषा ऱ्हायली." मरी म्हणजे इथं पिल्लू. माझ्या डोक्यावरचे केस मागं सरकत चाललेत, तरी त्यांनी मला पिल्लूच ठेवलंय, आजपर्यंत.

मॅडमनी कामाचं सांगितलं. अक्कांचा चेहरा उतरला.

"विहीर बंद करायला आलात काय?"

"तपासायला आलोय, अक्का. खराब निघालं तर मात्र बंद करावी लागेल."

अक्का पायरीवर बसल्या. मग एकदम सगळं सांगितलं. त्यांचा मुलगा प्रकाश कोरमंगल्याला राहतो, उंच इमारतीत. चांगला मुलगा. दर रविवारी येतो आणि दर रविवारी तेच बोलायचा, आई, हे घर सोड, तिकडं चल. "मी बोलते, तुझ्या लिफ्टमधून विहिरीला जाता येतं काय? तो बोलला, विहीर आहे तवर ऱ्हा, मी पुन्हा बोलणार नाही. तसं ठरलंय आमचं दोघांचं. आता तुम्ही बोलला पाणी नासलं, तर माझ्याकडं बोलायला काय ऱ्हातं, सांग?"

मॅडम म्हणाल्या, "अक्का, आम्ही खोटं सांगणार नाही. पण घाईनं पण सांगणार नाही. तोवर प्यायला नळाचं पाणी घ्या."

"नळाची माझी ओळख नाही," अक्का म्हणाल्या आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या कॉफी घेऊन. स्टीलचा पेला, खाली वाटी, वर फेस. मॅडम कॉफी पीतच नाहीत, हे सगळ्या कंपनीला माहीत. राहिलो मी. पेल्यातून काय वास सुटला होता! पण मी येताना बघितलं होतं, चुलीवरचं भांडं विहिरीच्या कळशीतून भरलेलं. मला टाकी दिसायला लागली, टाचणीएवढं भोक दिसायला लागलं, उतार दिसायला लागला.

"आत्ताच घेतली, अक्का," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, विहिरीकडं बघितलं. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या, आणि पेला कनकांबराच्या मुळाशी ओतला.

घरी गेलो. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "प्यायचा होता एक घोट, मेला नसता." तेही खरं. पण हे काम करून करून मला प्रत्येक घोटाआड आधी विहीर दिसते.

काम सुरू झालं. टाक्यांच्या भोवती माती राखाडी निघाली, गौडरुंचा रुमाल आणखी घट्ट झाला. मागच्या भिंतीलगतची नळी तेवढी राहिली होती, अक्कांच्या बाजूची, आणि मध्येच आयुधपूजा आली.

ज्यांनी बंगलोरची आयुधपूजा बघितली नाही त्यांना काय सांगू. आपल्याकडं दसऱ्याला हत्यारं पुजतात, इथं रिक्षापासून विमानाच्या शिडीपर्यंत सगळं पुजतात. मुरुगन अण्णाचं म्हणणं साधं होतं, "पूजा नै तो मशीन नै." मशीन धुतलं, केळीचे खांब बांधले, कोहळ्यात कुंकू भरून चाकापुढं फोडला. गिरमिटं, फावडी, पाणी मोजायची टेप, बर्फाची पेटी, सगळ्यांना ओळीनं बसवून कुंकू लावलं. मॅडमनी स्वतःच्या लॅपटॉपलाही लावलं, आणि मी बघतोय म्हटल्यावर म्हणाल्या, "काय बघूलालास? बंद पडला तर तू रिपोर्ट लिहिणार काय?"

मूगुची पेटी उघडून मधोमध ठेवली होती. मी एवढं मात्र सांगितलं होतं, आरती लांबूनच ओवाळा, यंत्राला धूर चालत नाही. मुरुगन अण्णानं तोंड वाकडं केलं, पण ओवाळली लांबून.

अक्का शेवंतीचे हार घेऊन आल्या होत्या. इतक्या दिवसांत भिंतीपलीकडून बघून बघून त्यांना सगळ्यांची नावं पाठ झाली होती. मला म्हणाल्या, "यातला कोण माझ्या विहिरीचा निकाल देणार?"

मी मूगु दाखवलं.

"एवढंसं?" त्या खाली वाकल्या, फूल वाहिलं, त्याच्याशी काहीतरी पुटपुटल्या. मी नारळ फोडायला गेलो. संध्याकाळी फुलं काढून पेटी बंद केली, कड्या चारदा ओढून बघितल्या. पुजलेली हत्यारं दसरा उलटेपर्यंत कोणी हातात घेत नाही.

दसरा झाला. मागच्या भिंतीशी मशीन लागलं. सकाळी मूगुला मोकळ्या हवेत धरून शून्यावर आणलं, रोजचं असतं ते. पहिली माती आली. लाल. अगदी पूजेच्या कुंकवासारखी लाल. मी मनात म्हटलं, वाचलो. पिशवीत घातली, ठेवली, चोच लावली.

आकडा चढला.

मी मॅडमना दाखवला. आणखी खालची माती काढली. लाल. आकडा तसाच चढला. शेवटी अक्कांच्या विहिरीतून आमच्या नळकांड्यानं थोडं पाणी काढलं, पिशवीत घातलं, हलवलं, चोच लावली. चढला.

अक्का भिंतीपलीकडं कपडे धुवायच्या दगडावर चढून उभ्या होत्या. भिंतीवर फक्त चेहरा. "मरी, काय बोलतो तो?"

मला वर बघवेना. नमुने, आकडे यांची मला सवय आहे, पण चेहऱ्याची नाही. मी हातमोजे काढले, घातले, परत काढले. मुरुगन अण्णानं मशीन बंद केलं. कोणी सांगितलं नव्हतं.

"थांबा अक्का, अजून काही ठरलं नाही," मॅडम म्हणाल्या, आणि मातीचा एक गोळा हातात धरून उन्हात उभ्या राहिल्या. बराच वेळ. त्याआधीच्या तासाभरात त्यांनी टाक्यांभोवतीच्या तिन्ही नळ्यांतलं पाणी मोजलं होतं. खालच्या पाण्याचा उतार मागं नव्हताच. पुढं होता, रस्त्याखालून, जिथं पूर्वी तळं होतं तिकडं.

"गजा, माती एक सांगूलालीय, पाणी तेच सांगूलालंय, आणि मूगु वेगळंच. तिघांतलं एक खोटं बोलतंय. रिकामी पिशवी लाव."

"रिकामी?"

"काही घालू नकोस. हवा भर आणि लाव."

मी नवी पिशवी उघडली, हवा भरली, चोच घातली. आकडा मातीपेक्षाही वर गेला. आत काही नव्हतं! मुरुगन अण्णा दोन पावलं मागं सरकला.

जीपमध्ये पिशव्यांचं दुसरं पाकीट होतं, सीलबंद. त्यातली लावली. शून्य.

मॅडम मूगुच्या पेटीपाशी गेल्या. वरचा स्पंज उचलला. त्याच्याखाली कप्पा असतो, पिशव्यांचं पाकीट आम्ही तिथंच ठेवतो. पाकिटाच्या शेजारी एक विड्याचं पान, वाळलेलं, नीट घडी घातलेलं. पानात कापराच्या वड्या. कापूर नुसता ठेवला तरी उडतोच. त्या चारदा ओढून बघितलेल्या घट्ट पेटीत तो सुट्टीभर उडत होता आणि पिशव्या तो पीत होत्या.

"हे कोणी ठेवलं?"

मुरुगन अण्णानं दोन्ही कान धरून देवाची शपथ घेतली. "मुरुगा सत्तियमा, मैं नै." मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी काहीही केलेलं नसताना माझेही हात कानांकडं गेले.

"मी ठेवला," भिंतीवरचा चेहरा म्हणाला.

"अक्का?"

"मग? सगळ्यांना आरती जवळून, आणि या बिचाऱ्याला लांबून. धूर चालत नाही बोलला हा. म्हणून न पेटवता ठेवला. बोलले त्याला, बाबा, कापूर घे, आणि माझ्या विहिरीकडं स्वल्प चांगलं बघ."

मॅडमनी गंभीर राहायचा फार प्रयत्न केला. "अक्का, तुम्ही परीक्षकाला लाच दिलात."

"दिले तर दिले. पण हा तर खाऊन माझ्यावरच उलटला की!"

मग मात्र मॅडम मशीनच्या पायरीवर बसून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मुरुगन अण्णाला कोणीतरी कन्नडमध्ये समजावलं, तो सगळ्यांच्या नंतर हसला आणि सगळ्यांत जास्त वेळ. गौडरुसुद्धा रुमालाआड हसले असावेत, रुमाल हलत होता.

नव्या पिशव्यांतून सगळी माती परत तपासली. भिंतीकडची माती स्वच्छ होती. पण विहिरीचं पाणी पिशवीतून पास होत नाही, ते प्रयोगशाळेलाच विचारावं लागतं. त्याची बाटली मी भरली. काठोकाठ भरायची, पाण्याला तोंडाशी पोट यायला हवं, मग झाकण सरकवायचं, उलटी करून बघायची. आत डाळीएवढाही बुडबुडा दिसला तर ओतून पुन्हा. मी किती वेळा ओतली ते विचारू नका. अक्का शेजारी उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "एवढं निगुतीनं मी प्रकाशला पण न्हाऊ घातलं नव्हतं."

आमच्या कंपनीत आता रोज सकाळी आधी रिकामी पिशवी लावतात, मग काम सुरू. तिचं नाव अक्का टेस्ट. पुण्या-मुंबईची शिकलेली मुलं-मुली नव्यानं येतात, त्यांना वाटतं कोणत्या तरी इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं असतील. मी बरेच दिवस सांगत नाही.

निकाल एकाच दिवशी आले, सगळे.

त्यातला एक रस्त्यापलीकडच्या छोट्या हॉटेलच्या बोअरचा होता. तिथं इडली-वडा मिळायचा, आम्हीही कामाच्या दिवसांत तिथंच उभ्यानं खायचो. पाणी त्याच वाटेनं गेलं होतं. बोअर बंद करायला सांगायला मी मॅडमबरोबर गेलो. मालकानं भांडण केलं नाही. एवढंच विचारलं, "अण्णा, मग इतकी वर्षं प्यायलो ते?" मॅडमनी त्याला डॉक्टरकडं कोणत्या तपासण्या करून घ्यायच्या ते समजावलं. आम्ही नेहमी मागाहून पोचतो, या कामातली ही एकच गोष्ट मला खाते. त्या दिवशी गौडरुंनी रुमाल खिशात घातला आणि फुटपाथच्या कडेला तसेच बसून राहिले. माती आणि पाणी साफ करण्याचं काम तिथं अजून चालू आहे. हॉटेलवाला टँकरच्या पाण्यावर आहे, इडली तशीच लागते.

दुसरा निकाल अक्कांचा. मॅडम म्हणाल्या, "तू जाऊन सांग. तुझीच वाट बघूलाल्यात त्या."

अक्का अंगणात गजरा गुंफत होत्या. मी दारातूनच म्हटलं, "अक्का, विहीर पास."

हात थांबला. "पास बोलतोस का फस्ट क्लास?"

"फस्ट क्लास. पण दर सहा महिन्यांनी परीक्षा आहे. पाणी आज इकडं येत नाही, उद्या आलंच तर आधी कळायला हवं."

बोलताना माझं मलाच हसू आलं. मी स्वतः नववी नापास, आणि लोकांच्या विहिरींचे निकाल सांगत फिरतो.

अक्कांनी लगेच फोन माझ्या हातात दिला. "प्रकाशला सांग. माझं बोलणं त्याला पटत नाही."

पलीकडून घाईतला आवाज आला. मी कोण, कुठून बोलतो ते सांगितलं, विहिरीचं सांगितलं. तो म्हणाला, "सर, आर यू शुअर?"

मला कोणी सर म्हटलं की मी मागं वळून बघतो. त्या दिवशी नाही बघितलं. "आजच्या पाण्याबद्दल शुअर. पुढचं सहा महिन्यांनी बघून सांगतो."

त्यानं विचारलं, "आईनं शिकवून ठेवलंय ना हे तुम्हाला?"

"नाही हो. मॅडमनी."

तो हसला. "सरी. मग सहा महिने मी पण तिला घर सोड म्हणणार नाही. पण फोन तुम्हीच करायचा हं, प्रत्येक वेळी."

तेव्हापासून मीच करतो. निकाल येईपर्यंतचे दिवस मला झोप नसते. अक्का मात्र नवी शेवंती लावतात.

तर फोन ठेवला. अक्का उठल्या, पोहरा विहिरीत सोडला, भरून ओढला, कळशीत ओतला. सगळं माझ्यासमोर, मुद्दाम. आत गेल्या. कॉफीचा वास आला. पेला आणून माझ्यापुढं धरला आणि म्हणाल्या, "घेतोस, का आत्ताच घेतली?"

"नाही अक्का. सकाळपासून काही घेतलं नाही." खरंच घेतलं नव्हतं. बायकोनं दिलेला चहाही तसाच ठेवून निघालो होतो.

त्या समोर बसून बघत राहिल्या. मी पहिला घोट घेतला, मग दुसरा, मग सगळी संपवली.

"कशी?"

"स्वल्प साखर कमी आहे."

"अय्यो, भीत होतास तेव्हाच बरा होतास," असं म्हणत त्या पेला घेऊन परत आत गेल्या, साखर घालून दुसरी आणायला.